बिनआवाजाची गाडी

पाण्याच्या लाइनीवर फिटर म्हणून माझी बरीच वर्षं एकाच ड्रायव्हरबरोबर गेली. मी साताऱ्याकडचा, ते इथल्याच, खाडीकाठच्या करावे गावचे. मी त्यांना काका म्हणायचो. ठेकेदाराची डिझेल गाडी, मागे पाइप आणि पाणी उपसायचा पंप, पुढे आम्ही दोघं. रिव्हर्स घेताना मी मागून पत्र्यावर हात मारायचो. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. सगळ्याच गाड्यांवर हे चालतं. फरक इतकाच, की काकांना त्या थापेशिवाय मागचं काहीच कळायचं नाही. त्यांचे कान गेले होते.

ते कधी गेले, सांगता येणार नाही. मी एक विचारायचो, ते भलतंच उत्तर द्यायचे आणि हसायचे. "इंजिनचा आवाज लय हाय रं," म्हणायचे. इंजिन बंद असलं तरी तेच. मी समजायचं ते समजलो. त्यांचा फोन मी घ्यायला लागलो. साहेबांनी काही विचारलं की मधेच तोंड खुपसायचो. डेपोत सगळे म्हणायचे, हा फार बोलतो. बोलतोच मी, त्यात काय. आणि खरं सांगायचं तर मला त्यात बरं वाटायचं, की या माणसाची नोकरी माझ्यामुळे टिकली आहे. कसला मोठेपणा तो, आता आठवला की स्वतःचाच राग येतो.

मग वरून आदेश आला. पाण्याच्या आणि विजेच्या कामावरच्या गाड्या यापुढे धूर न सोडणाऱ्या हव्यात. ठेकेदाराने बॅटरीवरची नवीकोरी गाडी आणली. माझं त्या गाडीशी काही भांडण नाही. खड्ड्यात बसून डोक्यावर सायलेन्सरचा धूर घेत मी इतकी वर्षं खोकलो, तो खोकला पहिल्याच महिन्यात कमी झाला. पण काका बिचकले. गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवून ते इंजिन ओळखायचे. इथे दांडाच नाही आणि थरथरही नाही. गाडी चालू आहे की बंद, ते माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचे. त्यात सुपरवायझरने मला पहिल्याच दिवशी झापलं, "नव्या पत्र्यावर हात मारायचा नाही. मागे काही आलं की भोंगा वाजतो, कॅमेरा आहे, अजून काय पाहिजे तुम्हाला?" भोंगा काकांना ऐकू येत नव्हता आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघायची त्यांना सवय नव्हती. तरीही मी तोंड उघडलं नाही.

करंजाड्यात एका सोसायटीसमोर लाइन फुटली होती. दुपारची वेळ. काका गाडी मागे घेत होते, मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. दोन हात अंतर उरलं तसा माझा हात उचलला गेला आणि तिथेच अडला. पत्रा नवा, परत कोण ऐकून घेणार? म्हणून मी नुसता ओरडलो. ज्या माणसाला ऐकू येत नाही हे मला सगळ्यात जास्त माहीत, त्याला मी ओरडून थांबवत होतो. मी बाजूला उडी मारली. मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि बॅटरीचा खालचा पत्रा चेपला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्हा दोघांना शेजारी बसवलं. साहेबांनी मला विचारलं, "तू आवाज दिला नाहीस?" काकांना वाचवायला नाही म्हणालो असतो तर माझी नोकरी गेली असती. मुलगी बारावीला होती. मी खाली बघत म्हणालो, "दिला साहेब. काकांना ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

काकांना वाटलं, नेहमीप्रमाणे मी त्यांचीच बाजू घेतोय. त्यांनी हसून मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर हाय साहेब, हा सांगतो तसाच हाय." साहेबांनी ते लिहून घेतलं. मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

त्यांना गाडीवरून उतरवलं. दोन महिने मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही, हिंमतच नव्हती. शेवटी एका रविवारी करावेला गेलो. ते ओट्यावर बसले होते. दोन्ही कानांत मशीन होती, लेकीने बसवून आणलेली. मी रस्त्यावरून हळूच काका म्हणालो, तर त्यांनी लगेच वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चहा आला. आम्ही खाडीच्या, माशांच्या, कसल्या कसल्या गोष्टी बोललो. ते प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होते. मशीन लावून साहेबांकडे जाऊन आले होते, पण त्यांच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला होता. डॉक्टर म्हणाला होता, हे चार वर्षांपूर्वी केलं असतं तरी चाललं असतं.

मग त्यांनी कप खाली ठेवला. आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

"तुला म्हाईत होता ना बाला," ते म्हणाले, "मंग मना का नाय सांगितलास?"