मिसळणाच्या डब्यातले प्रोसेसर

समस्त मानवजातीस, आणि विशेषकरून घाटकोपर पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीतील रहिवाशांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना आणि चष्म्याचा नंबर वाढत असताना, मी आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर घेतला. बजेट लहान होतं आणि अक्कल त्याहून लहान. या घटनेची दखल दुसरं कुणी घेणार नाही म्हणून मीच घेतो आहे. खरं तर दखल घ्यायची ती तिसऱ्या मजल्यावरच्या जाधव मावशींची. अख्ख्या इमारतीला कॉम्प्युटर निवडून देणारी ही बाई विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीच देत नसे.

“मावशी, कुठला प्रोसेसर घेऊ?” असं विचारलं की त्या फक्त “बस” म्हणायच्या. बसलं की प्रश्न सुरू. काय खेळणार? कुणाबरोबर? लहानपणी काय खेळायचास? हरलास की रडायचास की भांडायचास? प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, एवढं मलाही माहीत होतं. पण त्या डोक्याच्या खरेदीसाठी माझ्या डोक्याचा पंचनामा कशाला, हे कळायचं नाही. मावशींचं म्हणणं ठरलेलं होतं. “आधी खुर्चीत कोण बसणार ते बघायचं, मग पेटीत कोण बसणार ते.”

या ज्ञानाचा उगम एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होता. तिथे त्या तीस-एक वर्षं साहाय्यक होत्या. प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर भंगारात निघाले की मावशी ते आधी उघडून बघायच्या, मगच जाऊ द्यायच्या. का बघता, असं कुणी विचारलं तर त्यांना नवल वाटायचं. बंद पेटी समोर असताना माणूस ती न उघडता राहू कसा शकतो, हेच त्यांना समजत नसे. आमच्याकडे कुणी नवा मिक्सर आणला तरी अभिनंदनाच्या आधी त्या तो उलटा करून बघायच्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात दोन मिसळणाचे डबे होते. एकात हळद, तिखट, मोहरी. दुसऱ्यात, तसाच गोल, तशाच सात वाट्या, आणि वाट्यांत जुने प्रोसेसर. मधल्या वाटीत पहिल्यांदा उघडलेल्या कॉम्प्युटरचा, कडेच्या वाट्यांत पुढच्या पिढ्या. एकदा मी चहा करायला गेलो आणि वेलदोड्याच्या शोधात चुकीचा डबा उघडला. मावशी बाहेरूनच म्हणाल्या, “तो नको, त्याने चहा गरम होईल, पण चव येणार नाही.”

माझी परीक्षा त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतली. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम लावला आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी गाडी सुरू केली, दोन वळणं घेतली, एका पुलाच्या कठड्याला आपटलो, आणि पुढे रस्त्याच्या कडेला निळा समुद्र दिसला म्हणून गाडी थांबवली. बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या.

“थांबलास का?”

मी म्हटलं, छान दिसतंय. मग आपोआप सगळं सांगून टाकलं. जोगेश्वरीला आमच्या शाळेजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत जायला पैसे नसायचे, म्हणून मी दारात उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघायचो. एकदा बाबांनी तिथून कान धरून घरी नेलं, आणि बहुधा वाईट वाटलं म्हणून, त्याच रविवारी स्कूटरवरून जुहूला समुद्र दाखवायला नेलं. मावशींनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की जणू मीच एक जुना कॉम्प्युटर होतो आणि त्यांना आत्ता झाकण सापडलं होतं.

“तू शर्यत खेळतच नाहीस नंदू, तू फिरायला जातोस,” त्या म्हणाल्या. “तुला बारा कोअरचं घोडं कशाला?”

मग निकाल लागला. सहा कोअरचा, मागच्या पिढीतला प्रोसेसर. मी जरा खट्टू झालो. इंटरनेटवरच्या माणसांनी माझं मन बारा आणि सोळाच्या घरात नेऊन ठेवलं होतं. मावशींनी पंगतीचा दाखला दिला. प्रोसेसरचा एकेक कोअर म्हणजे एकेक आचारी, चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढपी. बारा आचारी ठेवले आणि वाढायला एकच जण, तर पंगत उपाशी उठते. आत्ता बजेटमध्ये वेगळं कार्ड बसत नव्हतं, ते पुढच्या वर्षी घ्यायचं ठरलं. तोवर प्रोसेसर असा घ्यायचा, की ज्याच्या पोटातच थोडंफार ग्राफिक्स आहे. “डोळे असलेला घे,” त्यांनी बजावलं. “त्याच नावाचा आंधळाही मिळतो. त्याच्या नावापुढे एक अक्षर जास्त असतं. तो नको.”

इथे आमच्या घरातला एक करार सांगायला हवा. आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ एक कोपरा आहे. उजेड चांगला, वारा चांगला. माझ्या बायकोला, सुनीताला, तिथे आईकडून आणलेलं शिलाई मशीन मांडायचं होतं. मला कॉम्प्युटर. बऱ्याच वाटाघाटींनंतर ठरलं, की दसऱ्याला कॉम्प्युटर पहिल्या बटणात सुरू झाला तर कोपरा माझा, नाही तर मशीन पलंगाखालून बाहेर येणार. मी फार उदारपणे सही केली. मावशींनी निवडलेला कॉम्प्युटर पहिल्या बटणात चालला नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

आणि मग मी दुकानात गेलो. काउंटरवर दोन सारखेच डबे होते. एकाच्या नावापुढे एक अक्षर जास्त आणि किंमत कमी. उरलेल्या पैशांत रंगीत दिव्यांचे तीन पंखे येत होते. मावशींचं बोलणं मला आठवलं. पण पंख्यांचे दिवे जांभळ्याचे हिरवे होत होते, आणि माणसाचा स्वभाव असा की एका अक्षराने काय बिघडतंय, असं त्याला नेमकं अशाच वेळी वाटतं.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर पूजा मांडली. पक्कड, कात्री, स्कूटरची किल्ली, पूजेपुरतं बाहेर काढलेलं सुनीताचं मशीन, आणि झेंडूच्या दोन फुलांमध्ये माझा प्रोसेसर. सुनीताने सगळ्यांना हळदकुंकू लावलं, त्यालाही लावलं, अगदी नावावर. मी वरवर पुसलं आणि दुपारी व्हिडिओ बघत बघत सगळं जोडलं. मावशींनी मदत देऊ केली होती. मी नको म्हटलं. का, ते वाचकांना सांगायला नको.

संध्याकाळी सोनं द्यायला निम्मी इमारत आमच्याकडे जमली. मी आपट्याचं पान कॉम्प्युटरवर ठेवलं, छोटंसं भाषण केलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले. जांभळे दिवे हिरवे झाले. पडदा मात्र काळाच. मी पुन्हा दाबलं. हिरव्याचे जांभळे झाले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, या वेळी मावशी चुकल्या वाटतं. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. सुनीता पलंगाच्या दिशेने बघायला लागली होती. मला त्या क्षणी ते एक अक्षर डोळ्यांसमोर लख्ख दिसलं, आणि मी म्हणालो, “कुंकू आत गेलं असणार.”

सुनीताचा चेहरा उतरला. कुणी हसलं, कुणी हळहळलं. मावशी खाली बसल्या, पेटी उघडली, प्रोसेसर बाहेर काढला, कापसाने स्पिरिट लावून पुसला आणि भिंगातून त्याचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी समुद्र बघायला गाडी थांबवली होती तेव्हा जसं बघितलं होतं, अगदी तसंच.

“कुंकू पुसलंय मी,” एवढंच त्या म्हणाल्या. घरी जाऊन स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन आल्या, प्रोसेसरसकट माझ्या पेटीत बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं. तुमचं कसं चालणार, असं सुनीताने विचारल्यावर त्या म्हणाल्या, “माझ्या प्रोसेसरला डोळे आहेत गं.” मी झेंडूच्या पाकळ्या वेचायला लागलो.

करारानुसार कोपरा सुनीताचा व्हायला हवा होता. पण तिला वाटलं आपल्याच हाताने घोटाळा झाला, आणि तिने तो आपणहून सोडला. मशीन पलंगाखालीच राहिलं. मी वर्षभर त्या कोपऱ्यात बसून समुद्राकाठी गाड्या थांबवत होतो. पुढच्या दसऱ्याला सुनीताने सगळ्यांना कुंकू लावलं आणि कॉम्प्युटरला लांबूनच नमस्कार केला. ते बघताना मला आपण फार खुजे आहोत असं वाटलं. पण कोपरा सोडण्याइतकं नाही.

मावशींनी कधी चुगली केली नाही. जिन्यात भेटल्या की फक्त विचारायच्या, “काय रे, सुनीताचं मशीन कुठंय?” त्या आवाजात टोमणा नसायचा, हीच खरी पंचाईत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं, की माणूस असं किती दिवस राहू शकतो. माझ्या खोटेपणाचा त्या प्रयोग करत होत्या आणि निरीक्षणं घेत होत्या.

आता मावशी गेल्या. म्हणजे अमरावतीला, बहिणीकडे राहायला. घाबरू नका. हल्ली इमारतीतलं कुणी प्रोसेसरबद्दल विचारायला आलं की मी “बस” म्हणतो, आणि काय खेळणार, असं विचारतो. लोक वैतागतात. मग हळूहळू सांगायला लागतात, आणि प्रोसेसर राहतो बाजूला. मावशी प्रत्येक वेळी एवढा वेळ का घालवायच्या, ते मला तेव्हा कळतं.

त्या निघाल्या त्या सकाळी खाली टेम्पो उभा होता. मिसळणाचे दोन्ही डबे त्यांनी स्वतःच्या पिशवीत घेतले होते. निघता निघता त्या आमच्याकडे आल्या, हातात स्क्रू ड्रायव्हर. माझं कार्ड द्या, म्हणाल्या. सुनीता म्हणाली, “घ्या ना मावशी. आता कुंकू कुठे आहे, कार्डाशिवायही चालेल.”

मावशींनी कार्ड काढलं. सुनीतानेच बटण दाबलं. पंखे फिरले, जांभळ्याचे हिरवे झाले, पडदा काळा. सुनीता काळ्या पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मावशीही माझ्याकडे बघत होत्या. वर्षभराच्या प्रयोगाचा निकाल आता लागणार होता. मी सगळं सांगितलं. अक्षर, पंखे, दिवे, कुंकू.

सुनीता रागावेल असं वाटलं होतं. ती शांतपणे आतल्या खोलीत गेली, पलंगाखालून मशीन ओढत बाहेर आणलं, माझा कॉम्प्युटर एका हाताने बाजूला सारला आणि मशीन खिडकीशी ठेवलं. त्यावरची धूळ पदराने पुसली. म्हणजे वर्षभर हा कोपरा माझाच होता तर, असं ती मशीनशीच बोलल्यासारखं बोलली.

खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मावशी “येते गं” म्हणून दाराबाहेर पडल्या, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. मग परत आल्या, पिशवी खाली ठेवली, मशीनजवळचं स्टूल ओढून बसल्या, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“थांब, आधी सांग, तू शिवणार काय?”