फोनवरचा जय भीम

सरांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले आणि खुर्ची मागे सरकवली.

"अच्छा. म्हणजे तुम्ही," ते म्हणाले.

घडलं होतं एवढंच, की सर त्यांच्या खोलीत माझी शिफारस लिहीत होते आणि माझा फोन वाजला. नागपूरहून बाबांचा. मी घाईत उचलला आणि म्हणाले, "जय भीम बाबा, नंतर करते." आमच्या घरात फोन असाच उचलतात. जिभेला तेच वळण.

चौतिसाव्या वर्षी मी इथे परदेशात, विद्यापीठात कॉम्प्युटर शिकते. पापाकुरा या उपनगरातून ट्रेनने जाते. मला त्याच विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलला जायचं होतं. बाहेरच्यांना ढीगभर कागद लागतात. सध्याच्या विद्यार्थ्यांचं सगळं त्यांच्याकडे असतंच, फक्त शिकवणाऱ्या एकाने शिफारस लिहायची. सर पुण्याचे. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी खूश झाले होते. तू अर्ज कर गं, तुझे मार्क्स खूप चांगले आहेत, असं त्यांनीच सांगितलेलं. गणपतीला घरी बोलावलं, त्यांच्या बायकोने मोदकांचा डबा भरून दिला. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून त्यांनी जे धरायचं ते धरलं. मीही गप्प राहिले. कबूल करते.

वर्षभर मी 'तू' होते. आता 'तुम्ही'. क्षणभर वाटलं, मान देतायत. इतकी मी खुळी.

"तुम्हा लोकांना इथे राखीव जागा नसतात हं," ते हसत म्हणाले. "बिझनेस स्कूलचं वातावरण वेगळं असतं. झेपणार नाही. आहे तो कोर्स पूर्ण करा."

मग स्क्रीनवरचं शिफारशीचं पान बंद केलं. बघू म्हणाले. शुक्रवारी मुदत संपते हे त्यांना ठाऊक होतं.

आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर."

कशाचं सॉरी? बाबा आयुष्यभर कचेरीत शिपाई. साहेबाच्या केबिनमध्येसुद्धा जय भीमच म्हणायचे. त्यापायी बढती अडली, तरी म्हणायचे. त्यांची मुलगी मी. शिकलेली. परदेशातली. सॉरी.

परतीच्या ट्रेनमध्ये बाबांचा पुन्हा फोन आला. मी "हॅलो" म्हणाले.

बाबांनी आवाज बारीक करून विचारलं, "जवळ कोणी बसलंय का गं?"

डबा रिकामा होता. मी हो म्हणाले. बापाशी खोटं बोलले आणि फोन ठेवून रडले. त्या माणसाचा राग नंतर आला. आधी किळस आली ती स्वतःची.

दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या ऑफिसात गेले. काउंटरवरची बाई किया ओरा म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार, गोड हसली. शिफारशीशिवाय अर्ज अपुरा धरतात, म्हणाली. दुसरे शिक्षक? बाकीचे वर्ग ऑनलाइन, तिथे मला चेहऱ्याने ओळखणारं कोणी नाही. नवरा म्हणाला, सोड ना, इथे मराठी माणसं ती किती, उद्या कार्यक्रमात तोंड दाखवायचंय. त्याचंही बरोबर होतं. त्या कार्यक्रमांना आता आम्हाला कोणी बोलावणार नाही.

अर्जात एक रकाना होता. शिफारस जोडली नसल्यास कारण लिहा. तिथे मी सरांचं नाव लिहिलं. त्या खोलीतली त्यांची वाक्यं लिहिली, आधी मराठीत, जशीच्या तशी, मग खाली इंग्रजीत. जात म्हणजे काय हे सांगायला आणखी चार ओळी लागल्या. त्या चार ओळींना पूर्ण दुपार गेली. मग पाठवून दिलं.

जागा मिळणार नाही. ठाऊक आहे मला. नाही म्हणतील, म्हणू देत. पण हे वाचून म्हणावं लागेल. पुढच्या सत्राला मी पुन्हा अर्ज करणार आहे, आणि त्या रकान्यात पुन्हा हेच लिहिणार आहे.