चाव्यांचा डबा

“डबा खाली ठेव, सुदाम. आधी सांग, काल जठारपेठेत कोठी गेल्ता तू?”

रशीदभाई ओरडत होता. रशीदभाई म्हणजे अकोल्याच्या आमच्या ट्रक स्टँडवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो इथे ओरडला की तिकडे मूर्तिजापूरचं रेल्वे फाटक आपोआप उघडतं, असं मी दहा हजार वेळा सांगितलंय. भर दुपार, चहाच्या हॉटेलापुढे साठ-सत्तर ड्रायव्हर, दुसऱ्या दिवसापासून चक्काजाम. मधोमध सुदाम उभा, हातात जर्मनचा डबा. आणि मी? मी मागे जुन्या टायरांच्या ढिगावर बसून शेंगा फोडत होतो. सुदाम काल कुठे गेला होता, ते त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं.

हे मी बायकोला सांगितलं नाही. दारूतही सांगितलं नाही – आणि दारूत तर मी एकदा रेल्वे इंजिन चालवल्याचं सांगितलंय. जे घडलंच नाही तेसुद्धा सांगितल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, त्यानं घडलेली एक गोष्ट इतके दिवस पोटात ठेवावी, म्हणजे ती कसली असेल? तुम्हीच बघा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बरं.

मी गजानन, बार्शीटाकळीचा. स्टँडवर गजू. मेळघाटात वाघानं माझ्या गाडीला साइड दिली ती गोष्ट माझीच. (नीलगाय होती. पण पट्टे असल्यासारखी चालत होती.) ब्रेक फेल झालेली गाडी नुसत्या हॉर्नवर थांबवणारा तो मीच. मी बोलायला लागलो की चहा गार व्हायचा, लोक पोट धरून हसायचे. मला वाटायचं, ह्यालाच मान म्हणतात.

मग सुदाम बोलायचा. दोन वाक्यं. आणि लोक हसणं थांबवून त्याच्याकडे वळायचे.

सुदाम तिवश्याकडचा, माझ्याच वयाचा. बारा वर्षं आम्ही पुढे-मागे गाड्या चालवल्या, एका ताटात जेवलो. सख्खा भाऊ असता तर इतकं जवळचं नसतं. आणि – कसं सांगू – मला त्याचं काहीही सहन होत नव्हतं. त्याचं कमी बोलणं सहन होत नव्हतं. स्टँडवरचं कुत्रं माझ्या हातचं बिस्किट खायचं आणि सावलीला त्याच्या गाडीखाली जाऊन झोपायचं. घरात काही अडलं की माझी बायको माझ्याच तोंडावर म्हणायची, “सुदामभाऊजीले इचारून पाहा ना एखांद्या वेळी.” मला का नाही विचारायचं? मी काय घरात भाड्यानं राहत होतो?

पण खरा काटा होता तो डबा. आमच्या स्टँडची एक रीत आहे. गाड्या बंद ठेवायचं ठरलं की प्रत्येकानं आपल्या गाडीची चावी डब्यात टाकायची, आणि डबा एका माणसाकडे. बंद मागे घेतल्याशिवाय त्यानं कुणाला चावी द्यायची नाही, सख्ख्या बापालाही नाही. कागद नाही, सही नाही. ज्याच्या हाती डबा, त्याच्यावर सगळ्या स्टँडचा भरवसा. मागच्या तिन्ही वेळी डबा सुदामकडे होता. जर्मनचा साधा डबा, झाकणाला पोचा आलेला. पण मी त्याच्याकडे असा पाहायचो, जसं दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाकडे पाहावं.

तेव्हा अपघाताच्या त्या नव्या कायद्याची चर्चा पेटली होती. धडक देऊन पळाला तर ड्रायव्हर दहा वर्षं आत. थांबला तर लोक जागीच मारणार, पळाला तर तुरुंग – मग जायचं कुठे? बंद करायचा ह्यावर दुमत नव्हतं. वाद होता तो वरूडच्या संत्र्यांवर. हंगाम भरात होता. सुदामचं म्हणणं, दूध आणि औषधांसारख्या संत्र्याच्या गाड्याही सोडा. माल सडला तर गावोगावचे लोक आपल्यावर उलटतील. मी उठलो आणि म्हणालो, एक चाकही फिरणार नाही. का? मला संत्र्यांचं काही वैर होतं का? सुदाम ‘सोडा’ म्हणाला, एवढंच. त्या संध्याकाळच्या बैठकीत मी असं भाषण ठोकलं की हॉटेलवाल्यानं भजी जाळली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. नंतर सुदाम बसल्या जागेवरून म्हणाला, “शेतकऱ्यावर कायद्याचा राग काहून काढता? त्यानं केला काय कायदा?” आणि सगळे हात त्याच्या बाजूनं वर गेले. ज्यांनी मला शिट्ट्या मारल्या, त्यांचेही.



आता त्याचा डोळा. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्या बैठकीच्या दोन महिने आधी बडनेऱ्याच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली, मला थांबवलं आणि म्हणाला, “गजू, तू पुढं चाल. मी तुह्या लाल लाइटामागं येतो.” डाव्या डोळ्यानं त्याला धूर दिसायला लागला होता. लायसन जाईल म्हणून कुणाला बोलला नव्हता. हंगाम संपला की उतरणार होता गाडीवरून. त्यानं हे मला सांगितलं. मला – ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही. का सांगितलं असेल? तेव्हा मला अभिमान वाटला होता. खरंच वाटला होता.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी जठारपेठेत काही सामान घ्यायला गेलो. तिथे एक दुमजली इमारत. खाली त्या ट्रान्सपोर्टवाल्या शेठचं ऑफिस, ज्याच्या गाड्या वरूडची संत्री वाहतात. वर डोळ्यांचा दवाखाना. सुदाम जिन्यानं वर जाताना मला दिसला. एक हात कठड्यावर, पाऊल चाचपत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रशीदभाईच्या शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, “सुदाम काल शेठच्या ऑफिसात गेल्ता. मी पाह्यलं.”

एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट लहान करून सांगितली. त्यात वाघ नाही, हॉर्न नाही, हात उंचावणं नाही. उलट आवाज पाडला, जसा खरं सांगणारा माणूस पाडतो. मला ठाऊक होतं ना, माझं कशानं खोटं वाटतं ते. रशीदभाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला नाही. संत्र्याच्या गाड्या सोडा म्हणणारा माणूस आणि संत्र्याच्या गाड्यांचा मालक. त्यानं दोन्ही टोकं स्वतःच जोडली. मी वर म्हणालो, “माह्यं नाव घेऊ नका, दोस्त हाय माहा.” आणि त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही. तेवढा सरळ तो होता.

दुपारी तो ओरडला, ते तुम्ही ऐकलंच.

सुदामला एका वाक्यात सुटता आलं असतं – दवाखान्यात गेलो होतो. पण अपघाताच्या कायद्याविरुद्ध उभा राहिलेला पुढारी, आणि त्यालाच एका डोळ्यानं दिसत नाही? उद्याच्या पेपरात सगळा बंद त्या डोळ्यात बुडाला असता. हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. मी शेंगा फोडत असलो तरी मठ्ठ नाही. तो म्हणाला, “कामानं गेल्तो.” कुणीतरी ओरडलं, शेठच्या का? कुणीतरी त्याची कॉलर धरली. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली, ती माझ्यावर आली आणि थांबली. मला वाटलं, ह्याला कळलं. मी शेंगेकडे पाहिलं. शेंग पोचट निघाली होती, तरी मी ती सोलतच राहिलो.

त्यानं डबा जमिनीवर ठेवला. आता कुणाकडे द्यायचा? कुणीतरी अर्धवट गमतीत म्हणालं, “गजूले द्या बे, त्याले कोन इकत घेते?” लोक हसले, आणि डबा माझ्या हातात आला. पहिली चावी सुदामनं टाकली. झाकण मी अर्धवट उघडून धरलं होतं, त्याला फटीचा अंदाज येईना, दोनदा चावी काठावर आपटली. मग तो पायी घरी निघाला. आणि मला, खरं सांगतो, त्या क्षणी आनंद झाला. असा आनंद, की मी डबा छातीशी धरून हॉटेलात दोन फेऱ्या मारल्या.

पहिल्या दिवशी गाड्या जागच्या जागी उभ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण आला, म्हणाला, गजूभाऊ, सासरा आजारी हाय, तेवढी चावी दे. मला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर तो माझ्याकडे सुदामकडे पाहायचा तसा थोडाच पाहणार होता? दिली. मग दुसरा आला. मग दहा आले. रशीदभाईही आला, मान खाली घालून. सुदामकडे हे कुणी मागितलंच नसतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बंद मागे घेतल्याचं वरून कळलं, तेव्हा आमचा बंद कधीचाच विरघळला होता. डब्यात दोन चाव्या राहिल्या होत्या. त्याची आणि माझी.

सुदाम त्यानंतर स्टँडवर आला नाही. त्याच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसला. लोकांनी त्याला शेठचा माणूस ठरवून टाकलं, आणि मी? मी त्या गोष्टीत कधी भर घातली नाही, कधी खोडलीही नाही. कुणी विषय काढला की मी वाघाची गोष्ट सुरू करायचो.

ह्या हंगामात मला वरूडचं भाडं मिळालं. संत्री भरायच्या शेडचं फाटक उघडायला जो माणूस उठला, तो सुदाम. काळा चष्मा. माझा हॉर्न ओळखून तो आधीच हसत होता. त्यानं मला चहा पाजला, दोन संत्री सोलून दिली, बायकोची, पोरांची नावं घेऊन चौकशी केली. रशीदभाईला ते दुसऱ्याच कुणी सांगितलं असं तो समजतोय, मी नुसता गप्प बसलो असं समजतोय, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळलं. मी अर्धा तास तोंडाला येईल ते बोलत राहिलो. तो हसत राहिला. गाडी भरून झाली, आणि निघता निघता मी विचारलं. आता का विचारलं, ठाऊक नाही. सांगायचं एक होतं, तोंडातून निघालं दुसरंच. म्हणालो, “त्या दिवशी काही तरी कारण सांगून सुटाचं होतं. असा उभा काहून राह्यला बे तू?”

त्यानं फाटकाची कडी चाचपून काढली.

“तू बसला होता ना तठी,” तो म्हणाला. “मले वाटलं, एखांदी गोष्ट सांगशील.”