पोटगी बंद होणार नाही

इस्त्रीवाली कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशनाच्या खोलीत आली आणि ताठ बसली. आयुष्य उभ्याने गेलं होतं, गुडघे कधीच रुसले होते. पण पाठ अजून कुणापुढे वाकली नव्हती. समोर बसला होता तिचा घटस्फोटित नवरा, कारखान्यातला फिटर, नुकताच निवृत्त झालेला. शेजारी त्याचा धाकटा भाऊ.

फिटरचा अर्ज सरळ होता : पगार संपला, आता पोटगीही बंद करा.

"पेन्शन तुटपुंजी, बाई," तो समुपदेशक बाईंना म्हणाला. "वरकड काम करावं, तर हात थरथरतात. साधा कप धरवत नाही."

"वहिनी, समजून घ्या," भाऊ म्हणाला. "दादा थकलाय."

"भावजी, दादा थकला की घरी बसतो. मी थकले की दुकानाला कुलूप. मग काय कोळसे खाऊ?"

बाईंनी हसू गिळलं. टेबलावरचा पंखा मघापासून खडखडत होता. फिटरचं लक्ष सारखं तिकडे. इस्त्रीवालीला ती नजर चांगली ठाऊक होती. शेजाऱ्याचा नळ ठिबकला तरी हा माणूस भांडण अर्धं टाकून पान्हा घेऊन धावायचा.

अखेर त्याला राहवेना. "एक मिनिट हं, बाई." पंखा बंद केला, खिशातलं नाणं जाळीच्या स्क्रूत बसवलं, हलक्या हाताने पिळलं, जाळी चाचपली. बटण दाबताच पंखा मुकाट फिरू लागला.

तो समाधानाने वळला. भावाने कपाळावर हात मारून घेतला.

"कप नाही हो धरवत," फिटर पुटपुटला.

"हो ना. पंखा तेवढा धरवतो!" इस्त्रीवाली म्हणाली.

बाईंनी पेन उचललं. "न्यायालयाला काय कळवू?"

"हातांचं खोटं आहे, ते कळवा," इस्त्रीवाली म्हणाली. "पगार गेला हे खरं, तेही कळवा. त्यांची कमाई जेवढ्या प्रमाणात घटली, तेवढ्याच प्रमाणात माझी पोटगी घटवा. बंद मात्र होणार नाही."

"उपकार झाले, वहिनी!"

"उपकार कसले? हे पाळीवर जायचे तेव्हा पहाटे चूल कोण पेटवत होतं? त्या पेन्शनीत माझाही घाम आहे, भावजी."

फिटरने मान खाली घातली आणि तडजोडीवर सही केली. तिनेही केली, मोठ्या अक्षरांत, कागद दाबून.

जिन्यावर भावाने आधाराला हात पुढे केला. तिने कठडा धरला.

"बाजूला व्हा," ती म्हणाली, "मला दुकान उघडायचंय."