सायकलवाल्याचा संकल्प

माधवगंजचे लक्ष्मीकांत गुरुजी चाळीस वर्षं सायकलवरूनच पूजेला जातात. परवा गोरखी भागातल्या गर्दीत मागच्या नव्या कोऱ्या गाडीच्या हॉर्नने त्यांचे कान किटले. डावीकडे मोटरसायकली, उजवीकडे टेम्पो. माणूस सरकणार कुठे? शेवटी गाडी त्यांना जवळजवळ घासूनच पुढे गेली.

धापा टाकत गुरुजी यजमानांकडे पोचले, तर नव्या गाडीच्या पूजेसाठी दारात तीच गाडी उभी! मालक शंतनु ओशाळला. "सॉरी गुरुजी, मी पहचाना नाही तुम्हाला."

"मला कशाला ओळखायचं? सायकल दिसत होती ना? घे हातात पाणी!"

सायकलमागे हॉर्न वाजवणार नाही, असा संकल्प सोडायला लावूनच त्यांनी नारळ फोडू दिला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या सायकलमागे शंतनुची गाडी मुकाट्याने चालली होती, आणि तिच्यामागे अख्खं माधवगंज हॉर्न वाजवत होतं.