पाळीवरचं धोतर

विमान चालवण्यापेक्षा विमानातून बोलण्याची मला जास्त धास्ती होती. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी आणि रविवारी नागपूरच्या फ्लाइंग क्लबात हौस. परवाना मिळाला होता, पण आमच्याकडच्या आकाशात गर्दी ती कितीशी? आता क्लबचं छोटं विमान दुरुस्तीसाठी कलकत्त्याला पोचवायचं होतं, तेही एकट्याने. तिथे मोठमोठी विमानं एकामागे एक उतरत. टॉवरने रेडिओवर सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं; एक आकडा चुकला की माझ्यामुळे सगळी रांग खोळंबणार.

त्याच महिन्यात बाबा दम्याच्या औषधोपचारासाठी मोहाडीजवळच्या आमच्या गावाहून माझ्या क्वार्टरवर आले होते. टॉवरची वाक्यं देवनागरीत लिहून मी कागद त्यांच्या हातात दिले, आणि बाबा टॉवर झाले. इंग्रजीचा गंध नव्हता, पण परत म्हणण्याची रीत त्यांना शिकवावी लागली नाही. गावच्या तलावाचं पाणी धानाला सोडताना पाळीवरचा, म्हणजे तलावाच्या बांधावरचा, माणूस ओरडून सांगतो, खालचा तेच परत ओरडतो, मगच दार उघडतात. बाबांनी उभा जन्म पाळीवरून ओरडण्यात घालवला होता. माझं चुकलं की कागद खाली ठेवून नुसते बघत बसायचे. मला राग यायचा. खरं तर लाज वाटायची.

जरा बरं वाटल्यावर ते गावी निघाले. माझ्या उड्डाणाची तारीख त्यांना पाठ होती. जाताना म्हणाले, "आपल्या तलावावरून एक चक्कर मारजो. मी पाळीवर धोतर पसरून ठेवतो."

मी नकाशात डोकं घालून 'हो' म्हटलं.

"हो नोको म्हणू. मी काय म्हटलं ते परत म्हण."

मी हसलो. परत काही म्हटलं नाही.

निघालो तेव्हा धान कापून झालं होतं, थंडी कडक होती. रायपूरच्या वाटेवर मोहाडी डाव्या हाताला, फार तर पाच-सात मिनिटांचा वळसा. वैनगंगा ओलांडली तेव्हा मी मांडीवरचे कागद बघून कलकत्त्याचा धडा घोकत होतो. तलाव आठवला तेव्हा खाली साकोलीकडचं जंगल लागलं होतं. मागे वळता आलं असतं. वेळेचं गणित बिघडेल म्हणून वळलो नाही.

कलकत्त्यात माझा एक शब्द चुकला नाही.

रेल्वेने परतलो आणि भंडारा रोडला उतरून थेट गावी गेलो. आईने सांगितलं, त्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत पाळीवर उघड्यावर बसले होते, उठा म्हटलं तर ऐकेनात. बाबा खाटेवर होते. श्वास पुरत नव्हता. धोतराचा विषय त्यांनी काढला नाही.

"कलकत्त्यात बराबर बोलता आलं ना तुले?" एवढंच विचारलं.

आलं, म्हणालो. त्यांनी समाधानाने मान हलवली. आठवड्याभरात ते गेले.

पुढच्या हिवाळ्यात मी त्या तलावावर चक्कर मारली. पाळीवर कोणी नव्हतं. रेडिओचं बटण न दाबता मी मोठ्याने म्हटलं, "तलावावरून एक चक्कर मारतो." इंजिनाच्या आवाजात ते माझं मलाही ऐकू आलं नाही.