गोडं पाणी आणि मास्तर

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बंदरामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि तिथे पस्तीस वर्षं ते पायमशीनवर होड्यांची शिडं शिवत बसले. त्यांच्या हातची शिडं कुठे कुठे फिरून आली, पण मास्तर काही बंदराच्या दिव्यापलीकडे गेले नाहीत. कुणी छेडलं तर म्हणायचे, "जोडे शिवणाऱ्याने काय सगळीकडे चालत जायचं?"

मग मेव्हण्याने होडी बांधली. तो इंजिन फिटर. सात वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठोकठोक करून त्याने बत्तीस फुटांची शिडाची होडी उभी केली. तोवर घरातले सगळे त्याला चेष्टेने कॅप्टन म्हणायला लागले होते. होडी खरोखरच तरंगली, तेव्हा ही चेष्टा मागे कशी घ्यायची ते कुणालाच कळेना. कॅप्टनने जाहीर केलं की आता महासागर ओलांडायचा, पंचवीस दिवस. त्याची थोरली बहीण, म्हणजे मास्तरांची बायको, हॉस्पिटलातून नुकतीच रिटायर झालेली नर्स. ती त्याच दिवशी तयार झाली. राहिले मास्तर. त्यांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं. पंचवीस दिवस एकट्याने चहावर काढणं की समुद्र, असा प्रश्न होता. ते निघाले ते निव्वळ पोटासाठी.

होडीवरचं जगणं म्हणजे एका कपाटात तिघांनी संसार करण्यासारखं. बाकं दोन, पण होडी एका अंगावर कललेली असायची, त्यामुळे वरच्या बाजूच्या बाकावर झोपणारा खाली लोटला जायचा. म्हणून झोपायचं पाळीपाळीने, एकाच बाकावर. चार चार तास सुकाणू धरायचं, मग बायको उठली की तिच्या उबेत मास्तर शिरायचे. स्टोव्हवरचं पातेलं दोरीने बांधलेलं, ताटाखाली ओलं फडकं. आंघोळ, भांडी, कपडे, सगळं खाऱ्या पाण्याने. स्वयंपाकाच्या बेसिनखाली पायाने दाबायची दोन पेडलं होती. डावं दाबलं की समुद्राचं पाणी यायचं, उजवं दाबलं की टाकीतलं गोडं.

टाकी अडीचशे लिटरची. तिघांत मिळून दिवसाला आठ लिटर, असं ठरलेलं. मोजण्याचं काम मास्तरांकडे आलं, कारण जन्मभर टेप गळ्यात घातलेला माणूस. ते दर सहाव्या दिवशी सकाळी टाकीत खुणांची काठी बुडवायचे आणि डॉक्टर थर्मामीटर बघतात तशी उजेडात धरून बघायचे. कुणी चहात घोटभर जास्त पाणी घातलं तरी त्यांच्या भुवया वर जायच्या.

बाराव्या दिवशी भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. टाकीत दीडशे लिटर असायला हवं होतं. काठी नव्वद म्हणत होती. अजून तेरा दिवस जायचे होते, आणि वाराही मंदावला होता.

मास्तरांनी दोघांकडे बघितलं. बायकोवर संशय घेण्याइतकं धाडस त्यांच्यात लग्नापासूनच नव्हतं. उरला मेव्हणा. मेव्हण्याचे केस खांद्यापर्यंत, आणि समुद्रावर बारा दिवस काढूनही चमकत होते.

"तुझे केस बरे मऊ दिसतात," मास्तर म्हणाले.

"भावोजी, काय ते सरळ विचारा."

"गोड्या पाण्याने धुतोस?"

मेव्हणा उठला. त्याने तळाच्या फळ्या उचकटल्या, खाली साठलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. "खारट आहे. टाकी गळत नाही," असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आणि आपल्या बाजूचा एकमेव पुरावा आपल्याच हाताने बुडवला. मास्तर नुसते हं म्हणाले. त्या हं मध्ये सगळं होतं.

मेव्हणा रुसला. पण बत्तीस फुटांच्या होडीवर रुसून जाणार कुठे? तो टोकापर्यंत गेला आणि सुकाणूची पाळी आली म्हणून परत आला. रात्रीचं जेवण गुडघ्याला गुडघा लावून झालं, पण बोलणं बहिणीमार्फत. "ताई, त्यांना म्हणावं, मीठ द्या."

"तोंड आहे ना तुला?" ताई म्हणाली.

"माझ्या तोंडाला पाणी लागतं. बोलून वाया कशाला घालवू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मेव्हणा झोपला होता, बायको वर सुकाणूवर होती. मास्तर बेसिनजवळच्या पायरीवर बसले होते, उजेड तिथेच पडायचा म्हणून. सातव्या दिवशी मोठं शीड फाटलं होतं आणि तेव्हापासून रोज दुपारी ते तिथे बसून टाके घालत. तळहाताला चामड्याचा पट्टा, मांडीवरून पायापर्यंत पसरलेलं शीड. एवढी एकच वेळ होती जेव्हा त्यांना समुद्राची भीती वाटायची नाही.

बायको गॉगल घ्यायला खाली आली आणि मधल्या पायरीवरच थबकली.

"अहो."

"दोनच हात राहिलंय."

"अहो, पाय थांबवा."

"कुठला पाय?"

तिने शिडाचं टोक उचललं. मास्तरांचा उजवा पाय उजव्या पेडलवर होता आणि हळूहळू, लयीत, दुकानातल्या मशीनवर चालावा तसा चालला होता. त्यांच्या बाजूला, नजरेच्या वर, बेसिनमध्ये गोड्या पाण्याची धार पडत होती आणि भोकातून थेट समुद्रात जात होती. लाटांच्या आवाजात तिचा आवाज तो काय येणार.

मास्तर बराच वेळ आपल्या पायाकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. मग काठी बुडवली. पाऊणशे.

"त्याला तू सांगशील?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पेडल सैल होतं, असं म्हटलं तर?"

"होडी त्याने बांधलीय. त्यापेक्षा पुन्हा केसांवरच घ्या."

चारला मेव्हणा उठला. मास्तरांनी चहा पुढे केला नाही, सबब सांगितली नाही. "पाणी मी घालवलं. पायाने," एवढंच म्हणाले.

मेव्हण्याला काही कळेना. "दाखवा."

मास्तर शिवायला बसले. चार टाक्यांत पाय निघाला. मेव्हणा उकिडवा बसून बघत होता. त्याने पेडल हाताने धरलं, तरी पाय ढकलतच होता.

"डाव्यावर ठेवला असतात," तो म्हणाला, "तर समुद्र रिकामा झाला असता. आपलं काय जात होतं?"

मास्तर हसले नाहीत. "मी तुला चोर म्हणालो."

"म्हणाला नाहीत. केस मऊ आहेत म्हणालात." त्याने पाना आणून उजवं पेडल काढलं आणि खिशात टाकलं. मग हळू आवाजात म्हणाला, "पण रात्री झोप नाही लागली, भावोजी. मला वाटलं, झोपेत उठून पितो की काय मी."

हे मास्तरांना फार लागलं. "माझ्या वाटणीतलं अर्धं तू घे."

"कुणी कुणाला काही देणार नाही," बायको वरून म्हणाली. "रोज दोन दोन लिटर, तिघांना सारखं. भातात निम्मं खारं पाणी. वारा पडला तर त्यातूनही कमी करू. आणि तहानेने कुणी आडवं झालं तर माझ्याकडे बघू नका. मी रिटायर आहे."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांची शिवण वर हलली, सुकाणूपाशी, मेव्हण्याच्या शेजारी. टाके सुरू झाले आणि फळीवर पाय सुरू झाला, टक टक टक. मेव्हण्याने तासभर सोसलं.

"भावोजी, जरा दमाने. वाऱ्याच्या पुढे चाललात."

"मग धर ना पाय," मास्तर म्हणाले, आणि मेव्हण्याने एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने भावोजींचा गुडघा धरला.